माठावरची विलायती तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जन्माने विलायतेची, संसाराने गोंदियाजवळच्या कामठ्याची. माझ्या पाकिटावर एक जांभळा हत्ती ढगावर बसून चहा पितो. माझ्या दुसऱ्या बाजूला एकच गाणे आहे आणि ते इतके लांब, की ते सुरू होताना रोवलेले धान गाणे संपेपर्यंत कापणीला येई. खोटे वाटत असेल तर माझ्या मालकाला, पुरनलालला विचारा. पण जरा ओरडून विचारा.

तरुणपणी त्याने मला नागपूरहून छातीशी धरून आणले. माझे ऑर्गन आणि उलट्या वाजवलेल्या घंटा ऐकून शेजारी म्हणत, "पुरन्याच्या घरी भूत कण्हून राहिलं!" तो मात्र डोळे मिटून डोलत असे. पुढे प्लेअरची सुई मोडली आणि त्याच्या बायकोने, मुन्नीबाईने, मला माठावरचे झाकण केले. मधल्या भोकातून मुंग्या पाण्यात पडत आणि शिव्या मला पडत.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत नात योगेश्वरी गोंदियाच्या कॉलेजातून घरी आली आणि मला बघून किंचाळली, "आबाजी, हा त जुना विलायती प्रोग्रेसिव्ह रॉक! आता पोरं हेच शोधून राहिले, आन् तुमी याच्यावर गिलास ठेवता?"

म्हातारा उठून बसला. त्याचे कान मिटत चालले होते. उरलेसुरले ऐकणेही लवकरच जाईल, असे डॉक्टर म्हणाले होते.

"एकडाव ऐकव मले, बाई. मंग कान गेले त जाऊ दे."

योगेश्वरीने नवा प्लेअर मागवला. तो आला त्या सकाळी तिच्या आईने, भूमेश्वरीने, आपल्या मामाजींची, म्हणजे सासऱ्याची, आवडती वस्तू म्हणून मला राखेने घासले, उकळत्या पाण्याने धुतले आणि पत्र्यावर मोहफुलांशेजारी वाळत घातले. दुपारपर्यंत वाकून माझा पळसाच्या पानाचा द्रोण झाला.

"काऊन उनात टाकलं वो, आई?"

"मंग? मामाजीले ओलं वाजवून दाखवतं का?"

सुई माझ्यावर बेडकासारखी उड्या मारू लागली. समोर पुरनलाल कानामागे हात धरून बसलेला. योगेश्वरीने हळूच सुई उचलली, प्लेअरमागे मोबाईल लपवला आणि त्यावर तेच गाणे मोठ्याने लावले. मी नुसतीच फिरत राहिले, मुकी.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "हाच! हाच आवाज! तुमच्या मोबाईलात येते का असा?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. रडू लपवायला नव्हे.

पावसाळ्यापर्यंत त्याचे कान पुरते गेले. आता भोकात तार ओवून मला धानाच्या बांधीवर, म्हणजे खाचरावर, टांगले आहे, पोपट हाकायला. पोपट माझ्या काठावर बसून दाणे टिपतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण ऐकणाऱ्याचे कान शाबूत आहेत तोवर जपा. आणि जपायला निघालात, तर आधी पाणी किती गरम आहे ते बघा.

वारा सुटला की मी फिरते. पुरनलाल शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून मला बघतो आणि डोळे मिटून डोलतो. माझ्यातून एक सूरही निघत नाही. पण हे त्याला कोण सांगणार, आणि कुठल्या कानात?