टर्न बेटावरचा माझा शेवटचा मुक्काम

मित्रांनो, लाकडाच्या शेडमागे, स्प्रूसच्या झाडाखाली शेवाळलेले पांढरे अंडे दिसते ना, तो मी. मी एक जुना ट्रेलर आहे. गाडीमागे जोडून कुठेही न्यावे असे चाकांवरचे लहानसे घर. माझा जन्म विनिपेगच्या एका कारखान्यात झाला. फायबरची दोन कवचे एकमेकांवर बसवून सांधली आणि मी तयार झालो. माझ्या पोटात एक पलंग, एक शेगडी आणि घडीचे टेबल एवढाच संसार.

न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या बर्टन आणि युनिस या जोडप्याने मला घेतले. बर्टन होड्यांची इंजिने दुरुस्त करी. उन्हाळी पाहुणे परतले, की ऑक्टोबरात तो मला ट्रकला जोडी आणि आम्ही फेरीबोटीने टर्न बेटावर जात असू. तिथे पानगळीत लाल झालेली मेपलची झाडे थेट खडकांपर्यंत उतरतात. बोटीवरचे लोक मला थोपटून विचारत, "काय बर्टन, हे अंडं उबवायला कुठं निघालास?" मला फार अभिमान वाटे.

मग बर्टनला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. माझ्यावर निळी ताडपत्री आली. वर्षे गेली. उंदरांनी गादी पोखरली, कुलूप गंजले. घरातून त्या दोघांचे आवाज येत, पण त्यांत माझे नाव कधी ऐकू आले नाही.

गेल्या सप्टेंबरात ताडपत्री सरकली. समोर युनिस होती. तिने मला घासूनपुसून काढले, नवी गादी आणली आणि बर्टनला अंगणात खुर्चीवर बसवून बेटावर जायचा बेत आखायला घेतला.

"बीन्स घरूनच शिजवून नेऊ. लाकडं तिथं मिळतील. दोन जाड रजया घेते."

"आणि ट्रक कोण चालवणार? तुझी आई?"

"मी."

"तू? तुला दुकानातली ढकलगाडी सरळ नेता येत नाही!"

"मग शेजारी बसून ओरड. तेवढं तुला अजून झकास जमतं."

बर्टन हसला. त्याचे अर्धेच तोंड हसले, पण हसला.

युनिसने औषधे, कंदील, चाकांतली हवा, त्याची जास्तीची काठी, सगळ्याचा विचार केला होता. ऑक्टोबरात मला ओढत तिने बोट गाठली आणि संध्याकाळी आम्ही बेटावर पोहोचलो. तिथे दुसरे कोणीच नव्हते. तिने माझे दार उघडले, दिवा लावला आणि म्हणाली, "ये."

बर्टनने उजवा पाय माझ्या उंच पायरीवर ठेवला. डावा मागून येईना. युनिसने पाठीमागून जोर लावला, तेव्हा दोघेही पडता पडता वाचले.

"पुन्हा एकदा बघू या," ती म्हणाली.

"राहू दे म्हटलं ना! मी ट्रकमध्ये झोपतो. तू जा आत."

तो ट्रकमध्ये झोपला आणि ती माझ्यात. मध्ये हाकेचेही अंतर नव्हते, तरी कोणी कोणाला हाक मारली नाही. पायरी माझीच होती. इतका एकटा मी ताडपत्रीखालीही नव्हतो.

सकाळी युनिस किनाऱ्यावरून चपटे दगड छातीशी धरून आणू लागली आणि माझ्या पायरीपुढे रचू लागली. थोड्या वेळाने बर्टनने ट्रकची काच खाली केली.

"तो मोठा खाली घाल. अगं, हलतोय तो! फटीत बारीक खडे ठोक."

"ठोकते. अजून काही, साहेब?"

"आणखी एक थर. घाई नको करूस."

दुपारी तो त्या दगडांवरून हळूहळू वर आला. जुन्या सवयीने दारात मान वाकवली, पलंगावर आडवा झाला आणि गाढ झोपला. बाहेर मेपल पेटले होते. ते पाहायला आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून घोरत होता. युनिस टेबलाशी एकटीच जेवली, चमच्याचा आवाज होऊ न देता.

त्या हिवाळ्यात बर्टनला शुश्रूषागृहात ठेवावे लागले. युनिस आता त्याच्याजवळ, शहरात खोली घेऊन राहते. घर बंद आहे. माझ्याकडे कोणी येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू झाकून ठेवणे म्हणजे त्या जपणे नव्हे. अधूनमधून त्यांची दारे उघडा, आत वारा खेळू द्या. आणि कोणाला मायेने 'ये' म्हणणार असाल, तर आधी त्याच्या पायांनी आपली पायरी चढून बघा.