टाचणीखालचा बोनस

मित्रांनो, दप्तरे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या दाराशी टांगलेला, टाचण्यांनी चाळण झालेला जुना सूचनाफलक तो मी. एका सुताराने मऊ फळीवर हिरवे कापड ताणून मला घडवले. सुरुवातीला येता-जाता सगळे माझ्यासमोर थांबत. पुढे कागदावर कागद चढत गेले आणि माझ्याकडे बघायला कोणाला फुरसत उरली नाही. पंखा लागला की अंगावरचे कागद फडफडत राहत. मला म्हणून स्वस्थता नसे.

एका वर्षी मालकांनी स्वतःच्या हाताने कागद लावला. वर्षअखेरीपर्यंत साठ हजार दप्तरे शिवून झाली, तर प्रत्येकाला एका पगाराइतका बोनस. वर्षात जो जितके महिने काम करील, त्याला त्या प्रमाणात. लगेच शिलाईयंत्रांची घरघर वाढली. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या एक काकू तर जेवणाच्या सुट्टीतही दोन-दोन पट्टे शिवून ठेवत.

अकरा महिने भरले आणि लेकीच्या बाळंतपणासाठी काकूंना नोकरी सोडावी लागली. साठ हजार दप्तरे वेळेत पुरी झाली. बोनस वाटायच्या दिवशी त्या आल्या, तर मालक म्हणाले, "काम सोडून गेलेल्यांना कसला बोनस? ती माझी खुशी असते."

"पण साहेब, तुम्हीच लिहून लावलं होतं ना?"

"मग दाखवा."

काकू माझ्यासमोर येरझाऱ्या घालू लागल्या. दवाखान्याचे बिल त्याच पैशांतून भरायचे होते. माझा जीव नुसता कासावीस झाला. तो कागद माझ्याच अंगावर होता, सुट्ट्यांच्या यादीखाली, पाण्याच्या टाकीच्या सूचनेच्याही खाली. पण मला तोंड कुठे होते?

कापड बेतणाऱ्या मास्तरांना ती घालमेल बघवेना. "थांबा वहिनी," म्हणत त्यांनी माझी एकेक टाचणी उपसायला सुरुवात केली. पाचव्या कागदाखाली तो पिवळा पडलेला कागद निघाला.

मालकांनी तो दोनदा वाचला. "अक्षर माझंच आहे," ते हळूच म्हणाले.

"साहेब, आपणहून दिलं तर ती खुशी," मास्तर म्हणाले. "अट घालून काम करून घेतलंत, आता ती मजुरीच झाली."

मालकांनी अकरा महिन्यांचा बोनस काकूंच्या हातात ठेवला.

पुढच्या वर्षी मालकांनी पुन्हा बोनसचा कागद लावला. या खेपेला सगळे कामगार तो वाचत उभे राहिले.

"एवढं काय बघताय?" मालकांनी विचारले.

"कधी देणार, ते नाही लिहिलंत," मास्तर म्हणाले.

मालकांनी खिशातून पेन काढले आणि माझ्यावरच कागद दाबून तारीख लिहिली. पेनाचे टोक माझ्या कापडापर्यंत रुतले. दुखले, पण बरे वाटले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण कोणाला दिलेल्या शब्दावर दुसरा कागद टाचू नका.