देव्हाऱ्यापुढचे बूट

सून श्वेता कामावर गेली की रत्नप्रभाबाईंना बोलायला देवच उरायचे. मुलगा सौरभ जहाजावर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि नात मनाली अजून हुंकारापलीकडे गेली नव्हती. मग विक्रोळी पार्कसाईटच्या त्या एका खोलीत त्या बाळकृष्णाला नळ लवकर गेल्याचं सांगायच्या, अन्नपूर्णेशी गावच्या गोष्टी काढायच्या.

मनालीचं उजवं पाऊल जन्मतःच आत वळलेलं. एका संस्थेच्या मोफत दवाखान्यात प्लास्टर बदलून बदलून ते सरळ झालं होतं. आता मध्ये पट्टी जोडलेले दोन चामडी बूट दिवसरात्र पायात ठेवायचे होते. सुटले तर पाऊल पुन्हा वळणार, हे संस्थेच्या अस्मिताने घरी येऊन बजावलं होतं.

पण चामड्याचे बूट, आणि तेही देवांपुढे! चपला उंबऱ्याबाहेर काढणारं घर, आणि पाळण्याला जागा तेवढी देव्हाऱ्यासमोरच. रत्नप्रभाबाई पूजेपुरते बूट सोडायच्या. मग श्रावण लागला. पूजेला पोथी जोडली गेली, पोथीला जप, संध्याकाळी स्तोत्रं. मनालीही मोकळे पाय उडवून खिदळायची. श्वेता यायच्या वेळेला बूट पुन्हा चढलेले असायचे. आपण काही लपवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. देवाचं करताना कुणाचं वाईट कसं होईल?

"टाच वर ओढली जातेय परत," तपासणीला अस्मिता म्हणाली. "बूट किती वेळ काढता?"

"आंघोळीपुरते," श्वेता म्हणाली. "दिवसा आई असतात ना."

रत्नप्रभाबाईंनी पदर सावरला. "पूजेला सोडते मी. चामडं आहे ना गो ते."

"केवढी पूजा असते, आजी?"

"श्रावण आहे."

अस्मिताला हसू आलं, पण श्वेताचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "आजी, तुमच्या देवाला बुटांचा राग नाही येणार हो."

"त्याचं मला नको सांगू, बाय."

पुन्हा प्लास्टर चढलं. आवाज बसेपर्यंत मनाली रडली. रिक्षात श्वेता एकदाच बोलली, तेही रस्त्याकडे बघत. "तिला पाळणाघरात ठेवू का, आई? स्पष्ट सांगा."

"नको. करते मी काहीतरी."

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी देव तांबड्या कापडात बांधले आणि मुलुंडला नणंदेकडे गेल्या.

"वेड लागलं का गो तुला, रत्ना?" चंपावन्सं कडाडल्या. "भर श्रावणात देव घराबाहेर काढतेस? पडदा लाव की देव्हाऱ्याला!"

"पडद्याआड ते असणारच ना, वन्सं. आणि ते असले की माझा हात बुटाकडे जाणारच. माझा हात मला ठाऊक आहे."

"मग नेणार कधी?"

"तिचे बूट सुटले की. शाळेत जायला लागेल तेव्हा."

"तोवर बोलशील कुणाशी दिवसभर? भिंतीशी?"

रत्नप्रभाबाई कापडाची गाठ सोडत राहिल्या. "बाळकृष्णाच्या दुधात साखर जरा जास्त घाला. त्याला लागते," एवढं बोलून त्या उठल्या.

नवे बूट चढले त्याच्या दुसऱ्या सकाळी श्वेताने पट्टे आवळले आणि देव्हाऱ्याच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. "येते, आई," म्हणताना तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरली.

दुपारी वरणभात झाला. नैवेद्याची वाटी काढायला हात फडताळाकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. मनाली बुटांसकट झोपली होती. त्यांनी बोट घालून पट्टा घट्ट आहे ना ते पाहिलं, फळीकडे पाठ केली आणि पान पुढ्यात ओढलं.