वळणावरचा आरसा आणि रविवारची मोजणी

मित्रांनो, महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्ग सोडून आमच्या कोंडवाडीच्या रस्त्याला लागलात, की पहिल्याच वळणावर लोखंडी खांबावर एक गोल, फुगीर आरसा दिसेल. तोच मी. माझी नारंगी कड उन्हाने फिकट झाली आहे आणि सध्या मला फार राग आलेला आहे. माणसांनी आरशात पाहावं आणि निघून जावं, आरशाने बोलू नये, असा रिवाज आहे. तो आज मी मोडतो.

मी काचेचा नाही, जाड प्लास्टिकचा आहे. कारखान्यात मला पोट पुढे काढून घडवलं, म्हणून वळणाच्या दोन्ही अंगांचा रस्ता माझ्यात एकदम दिसतो. इथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढा. मधला रस्ता इतका अरुंद, की एसटी समोर आली की रिक्षाला मागे सरावं लागतं. याच वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या कुशाबाला खडीच्या डंपरने उडवलं. चालकाला कुशाबा दिसला नाही, कुशाबाला डंपर दिसला नाही. कुशाबा वाचला नाही.

त्याची बायको येसूबाई बारावं उरकून ग्रामपंचायतीत गेली. "माजा मानूस तर गेला. दुसऱ्या कुनाचा जाया नको," असं म्हणत ती तिथे खेटे घालत राहिली. तेव्हा कुठे मी आलो.

सुरुवातीची वर्षं मानाची होती. एसटीचे चालक माझ्याकडे बघूनच गाडी वळवत. शाळेची पोरं माझ्यात वेडीवाकडी तोंडं करून खिदळत. येसूबाई बाजाराला निघाली की काठीला ओलं फडकं बांधून मला पुसायची. मग हळूहळू लोक मला विसरले. माझ्या खांबावर वाढदिवसाचे फलक लटकले. कुणी पानाची पिचकारी मारली. पावसाळ्यात अंगावर शेवाळ चढलं. ते सगळं मी सोसलं, कारण माझं काम चालू होतं. ज्या जुलैमध्ये तळीये गावावर डोंगर कोसळला, त्या जुलैत आमच्या वरच्या वाडीतली माणसंही घाबरून खाली उतरली. लेकरं कडेवर, म्हातारी माणसं पाठीवर. सगळी याच वळणावरून गेली, कारण बाहेर पडायला दुसरा रस्ताच नाही.

आता रागाची गोष्ट ऐका.

ओढ्यापलीकडच्या भातखाचरांत एक मोठा फलक उभा राहिला. खाली दुकानं, वर फ्लॅट, मधोमध पोहण्याचा तलाव. शेकडो घरं होणार होती. चित्रातला रस्ता एवढा रुंद होता की तो आमचाच रस्ता आहे हे मला कळलंच नाही.

इतकं मोठं बांधकाम करायचं, तर त्यामुळे किती गाड्या वाढतील आणि रस्ता त्या पेलेल का, हे आधी तपासावं लागतं. ते तपासायला बिल्डरने नेमलेल्या कंपनीचे साहेब आले. त्यांच्याबरोबर समीक्षा नावाची तरुण इंजिनियर होती, महाडचीच. त्यांनी माझ्याच खांबाला कॅमेरा बांधला. मी हरखून गेलो. वाटलं, चला, कुणीतरी हा रस्ता नीट बघायला आलं.

पण तो रविवार होता, तोही दिवाळीच्या सुट्टीतला. शाळा बंद, कारखान्यांच्या बसगाड्या बंद, खडीची खाण बंद. रस्त्यावर एक कुत्रं ऊन खात पसरलं होतं.

येसूबाई तिथे थांबली. "कसली मोजनी करतेस गो पोरी?"

"गाड्यांची, आजी. इथं मोठी वसाहत होणार आहे ना."

"मंग आज कशाला? आज रस्त्यावर हाय कोन?"

समीक्षा तशीच साहेबांकडे गेली. "सर, मी परवाच म्हटलं होतं. शाळा सुरू झाल्यावर मोजू या. आज मोजून काही अर्थ नाही."

"तारीख मी ठरवलेली नाही," साहेब म्हणाले. "ज्यांचं काम आहे त्यांनी ठरवली आहे. तू कॅमेरा बघ."

मित्रांनो, मी खोटं दाखवू शकत नाही. जे समोर असेल तेच माझ्यात दिसतं. पण रिकामा रस्ता दाखवून तो नेहमीच रिकामा असतो असं सांगणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

महिन्याभराने बांधकामाला परवानगी देणाऱ्या सरकारी बाई जागेची पाहणी करायला आल्या. सगळं गाव माझ्या खाली जमलं. साहेबांनी घसा साफ करून अहवाल वाचला. रस्त्यावर वाहतूक अत्यंत तुरळक आहे, वसाहत झाल्यावरही रस्ता पुरेल, असं त्यात होतं.

"आणि या वळणाचं काय?" बाईंनी विचारलं. "रुंद करणार?"

"रुंद करायचं तर डोंगर कापावा लागेल, मॅडम. दरड कोसळेल म्हणून गावाचाही त्याला विरोध आहे. त्यापेक्षा सोपा उपाय सुचवलाय. वळणावर आणखी दोन आरसे बसवू."

माझा संताप संताप झाला. दोन आरसे! शेकडो घरांच्या मोटारी, दुकानांचा माल आणणारे टेम्पो, पाण्याचे टँकर, या सगळ्यांना दोन आरसे पुरणार? अहो, मी डंपर दाखवतो, अडवत नाही. मी रस्ता दाखवतो, त्याला हातभर रुंद करत नाही. माझं नाव पुढे करून ही माणसं हात झटकत होती!

तेवढ्यात येसूबाई पुढे आली. "बाई, ह्यो आरसा मी मागून आनला. माजा मानूस हितंच गेला म्हनून आनला. पन आता मीच सांगते, आनकी आरसा नको आमाला. डोंगरबी कापू नका. हिकडं एवढ्या गाड्याच आनू नका."

"आजी, भावनेच्या भरात बोलू नका," साहेब म्हणाले. "आम्ही प्रत्यक्ष मोजलंय."

"रविवारी मोजलंय," मागून आवाज आला. समीक्षा होती. "दिवाळीच्या सुट्टीत. मॅडम, मीच मोजलंय."

"समीक्षा, गाडीत जाऊन बस."

ती जागची हलली नाही. बाईंनी अहवाल मिटला आणि शाळा, खाण, कारखाने सगळं चालू असलेल्या दिवशी पुन्हा मोजणी करायला सांगितलं.

ती मोजणी झाली. त्या सकाळी एसटी, कारखान्याची बस आणि खडीचे डंपर एकमेकांना भिडून उभे राहिले. शाळेची पोरं दप्तरं सांभाळत ओढ्याच्या काठाने एकामागे एक सरकत होती. एक डंपर मागे घेताना माझ्या खांबावर आदळला आणि मला आरपार तडा गेला. कॅमेऱ्याने सगळं टिपलं. परवानगी थांबली.

तुम्ही म्हणाल, मग राग कशाला? सांगतो. खरं बोलली म्हणून समीक्षाला कंपनीने काढून टाकलं. खोटा अहवाल वाचणारे साहेब आजही दुसऱ्या गावांचे रस्ते मोजत फिरतात. परवानगी नसतानाही ओढ्यापलीकडच्या खाचरांत मातीचा भराव पडतोच आहे, आणि तो टाकणारे डंपर याच वळणावरून जातात.

परवा बिल्डरचा एक टेम्पो आला. त्यात दोन नवे कोरे आरसे होते. माणसं पहारी घेऊन खड्डे खणू लागली. येसूबाई आली आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. मग वाडीतल्या बायका आल्या, त्याही बसल्या. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, आरसा तर चांगलाच असतो ना?"

"चांगला हाय रे बाबा," येसूबाई म्हणाली, "पन ह्यो लावला की ते म्हननार, रस्त्याचं काम झालं."

संध्याकाळी टेम्पो मागे फिरला. ते दोघे आरसे हौद्यात उताणे पडले होते, आभाळ दाखवत. त्यांचा काही दोष नव्हता. मला त्यांची कीव आली आणि त्यांना पाठवणाऱ्यांची चीड आली.

मित्रांनो, उद्या तुमच्याही गावात कुणी कॅमेरा घेऊन रस्ता मोजायला येईल. तेव्हा घरात बसू नका. त्याला विचारा, तू कोणाचा माणूस आहेस, आणि आज शाळा चालू आहे का? आणि त्याने रस्त्याऐवजी आरसा पुढे केला, तर तो घेऊ नका. माझी शपथ आहे तुम्हाला.