तिंदे नावाचा डोंगर

मित्रांनो, मी वाळवंटातला एक म्हातारा सुळका आहे. सहाराच्या दक्षिणेला, तुआरेग लोकांच्या मुलखात, सपाट खडकाळ माळावर मी एकटाच उभा आहे. उंटावरून येणाऱ्याला मी दोन दिवस आधीपासून दिसतो.

माझा जन्म ज्वालामुखीच्या घशात झाला. वर येता येता लाव्हा तिथेच अडकला, हळूहळू निवला आणि निवताना त्याला उभ्या चिरा पडल्या. म्हणून मी दुरून कडब्याच्या पेंढीसारखा दिसतो. भोवतीची भुसभुशीत राख वाऱ्याने नेली आणि आतला टणक गाभा, म्हणजे मी, तेवढा उरलो. माझ्या पायथ्याशी खडकाच्या खोलगट जागी पाण्याचा एक डोह आहे. शेळ्या, उंट आणि माणसे मला ओळखतात ती त्या डोहामुळे.

दिसत राहणे हेच माझे काम. हजारो वर्षे मी ते मन लावून केले. एकदा मात्र ते मला जमले नाही, आणि गंमत पाहा, त्याच वेळी मला नाव मिळाले.

तेव्हा डोहाजवळ तामात नावाची बाई आपल्या आईबरोबर तंबूत राहत होती. तिचा नवरा सहा सोबत्यांना आणि तेरा उंटांना घेऊन मीठ आणायला गेला होता. ते परतायच्या सुमारास वाळूचे वादळ उठले. तीन दिवस आभाळ पिवळे होते. माझे टोक मलाच दिसेना, तर त्यांना कुठून दिसणार? त्यांच्या पखाली संपत आल्या असतील हे तामातला कळत होते. हाका मारून तिचा घसा बसला.

मग तिने बाजरी कांडायचे उखळ ओढत माझ्या कड्याशी आणले. त्याच्यावर शेळीचे ओले कातडे ताणले, दोन बाजूंना मुसळे बांधली. कातडे ताठ राहावे म्हणून एका मुसळावर दगड ठेवला आणि दुसऱ्यावर आईला बसवले. मग बडवायला लागली. माझा कडा तिथे आत वळलेला आहे. तिची एक थाप पडली की मी ती मोठी करून माळावर फेकत होतो. एक अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने हात थांबवला नाही. तिचे तळवे सुजले. आई मुसळावर बसल्या बसल्याच डुलक्या घेत होती.

दुपारी धुरळ्यातून पहिला उंट बाहेर आला. पाठोपाठ बाकीचे आले. तेराच्या तेरा उंट आणि सात माणसे. ओठ फाटलेले, पण जिवंत. पोटभर पाणी पिऊन झाल्यावर नवरा म्हणाला, "जेवायला बोलवायची ही कुठली रीत? सगळ्या वाळवंटाला ऐकू गेलं."

तामात म्हणाली, "भाकरीला वेळ आहे. आधी उखळ मोकळं होऊ दे."

त्यांच्या भाषेत उखळालाही तिंदे म्हणतात आणि त्या ढोलालाही. तेव्हापासून मी तिंदे झालो. पुढे गोष्ट फुगत गेली. उंट शंभर झाले आणि मी म्हणे चार पावले चालत जाऊन त्यांना घेऊन आलो! मी कधी तक्रार केली नाही. कौतुक कोणाला नको असते?

नकाशावर मात्र इतकी वर्षे माझ्या जागी नुसता उंचीचा आकडा होता. परवा उत्तरेच्या शहरातून वर्दिया नावाची मुलगी मोजणीसाठी आली. आता डोहाजवळ वसलेल्या गावातल्या दोघा वडीलधाऱ्यांनी एकच नाव सांगितले तरच ते नकाशावर चढणार होते. वडीलधारी माणसे दोनच उरली होती: शेळ्या राखणारी मेन्ना आणि तिचा मामेभाऊ उक्सेम. जन्मभर एकमेकांची थट्टा करत आलेली ही जोडी.

मेन्नाने तिंदे सांगितले. उक्सेमने चहाचा घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "खोटं आहे. ह्याचं नाव नाकाडं. हिच्या आजोबांच्या नाकावरून पडलंय."

वर्दियाने वही मिटली. "नावं जुळली नाहीत तर आकडाच राहील, आणि मला आजच निघायचं आहे," असे ती नम्रपणे म्हणाली. मित्रांनो, माझ्यासारखा दगडही तेव्हा धास्तावला.

मेन्ना भांडली नाही. पेला खाली ठेवून म्हणाली, "माझ्या लेकी दूर शहरात आहेत, पोरी. उद्या त्यांच्या पोरांना आपलं पाणी कुठलं ते शोधायचं झालं, तर आकड्यावरून कसं शोधतील?"

उक्सेमने तोंडावरून घेतलेला पागोट्याचा फडका जरा सारखा केला. मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "लिही पोरी. तिंदे. आणि उक्सेमनं सांगितलं असंही लिही, नाहीतर ही गावभर सांगत फिरेल की डोंगर हिनं एकटीनंच वाचवला."

"नाक मात्र तुझ्याच आजोबांचं," मेन्ना म्हणाली आणि तिने त्याचा पेला पुन्हा भरला.

वर्दियाने लिहिले. नव्या मोजणीत माझी उंची चार हातांनी कमी भरली, पण नावापुढे तेवढे चालायचेच.

आता माझ्याकडे पाहुणे येऊ लागले आहेत. तुम्हीही या. डोहात पाय बुडवू नका, शेळ्या तेच पाणी पितात. माझे नाव गावात विचारून घ्या, ते आनंदाने सांगतील, चहासुद्धा पाजतील. फक्त तुमचे नाव माझ्या अंगावर रंगवू नका. ते धुवायला मला पाऊस लागतो, आणि इथे कधीकधी तो तीन-तीन वर्षे फिरकत नाही.