पुढच्या डाव्या चाकाआडून

मी पुढच्या डाव्या चाकाआडून बोलतोय. अंगठ्याएवढा आहे, मला सेन्सर म्हणतात. मला भेटायचं तर गुडघे टेकून खाली वाकावं लागतं, त्यामुळे आजवर फारसं कुणी भेटायला आलेलं नाही.

काम साधं. चाक किती वेगानं फिरतंय ते गाडीच्या कंट्रोलरला कळवायचं. ओल्या रस्त्यावर एखादं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, की कंट्रोलर त्याला आवरतो आणि गाडी घसरत नाही. चार चाकांना आम्ही चार भाऊ. एकानं जरी तोंड मिटलं तरी सगळा कारभार बंद.

पहिल्या मालकीणबाई दर सर्व्हिसिंगला मला ब्रशनं साफ करून घ्यायच्या. गाडी बारा वर्षांची झाली आणि आताच्या मालकांकडे आली. यांचं गाडीवर भारी प्रेम! बॉनेट असं घासतात की त्यात बघून भांग पाडावा. चाकामागे डोकावण्याइतकं मात्र ते प्रेम कधी वाकलं नाही.

मी पडलो चुंबकाचा. ब्रेक झिजून लोखंडाचा जो चुरा उडतो, तो मलाच येऊन बिलगतो. दोन वर्षांत मी पुरता आंधळा झालो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"पिवळाच आहे ना? लाल झाला की बघू," मालक म्हणाले.

तरी तो दिवा डोळ्यांत खुपायला लागला. मग त्यांचे मेहुणे आले. सर्वज्ञ माणूस.

"भावजी, जुन्या गाड्यांचे हे नुसते चोचले असतात," म्हणत त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि दिवाच काढून टाकला. "घ्या, गाडी ठणठणीत!" एवढी मोठी शस्त्रक्रिया पार पडल्यावर दोघांनी चहा घेतला.

पुढे मालकांची मुलगी गाडी शिकली. नोकरीवर निघाली त्या सकाळी रस्ता ओला होता. किल्ली हातात घेऊन ती घुटमळली.

"बाबा, चढावर घसरणार नाही ना?"

"अगं, आपल्या गाडीत ती सिस्टीम आहे! घसरेलच कशी?"

ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चढावरच्या वळणाला तिनं ॲक्सिलरेटर दाबला. माझं चाक जागीच गरगरलं, गाडी आडवी झाली आणि भिंतीवर जाऊन आदळली. पोरीचं मनगट मोडलं.

गॅरेजमध्ये मालक तावातावानं सांगत होते, "सेन्सरच भिकार निघाला! फेकून द्या तो!"

मेकॅनिक बाईंनी मला काढलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा बसवून तपासलं. "हा चांगला आहे की. दहा मिनिटांचं काम होतं. दिवा लागला नव्हता का?"

प्लास्टरमधला हात सावरत मुलगी म्हणाली, "मला तर कधीच दिसला नाही."

सोबत आलेल्या मेहुण्यांना एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं.

"दिवा मीच काढू दिला," मालक म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच चालवणार आहे."

त्यांच्यासाठी मी टोमण्यांची यादी जमवून ठेवली होती. तो आवाज ऐकला आणि एकही टोमणा निघेना. वाईट वाटलं, दुसरं काय.

आता मी स्वच्छ आहे, दिवाही परत बसलाय. मंडळी, तुमच्या जुन्या गाडीतल्या माझ्या भावाला पुसायला तुम्हाला सवड नसेल, तर राहू दे. दिवाही काढून टाका हवा तर. फक्त किल्ली ज्याच्या हातात द्याल, त्याला ते आधी सांगा.