पाच वाजताचं गाणं

आईला मनोरुग्णालयाच्या कुलूपबंद वॉर्डात हलवावं लागेल, हे वृद्धाश्रमाच्या हिराओकाबाईंनी इतक्या गोड शब्दांत सांगितलं, की नोबुयासू मुकाई "हो, हो, तुम्हाला फार त्रास झाला, माफ करा," असं म्हणून वाकून नमस्कार करून मोकळाही झाला. आपण कशाला हो म्हणून आलो, हे गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण तेव्हाही पोटात काही तुटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसा हा माणूस गेलं वर्षभर अख्खाच्या अख्खा बधिर होता. नोकरीतून निवृत्त झाला, आईला आश्रमात ठेवलं, घर विकलं, भाड्याच्या खोलीत उभ्याउभ्या दुकानातला डबा खायला लागला. या सगळ्यात डोळ्यांतून टिपूस नाही.

म्हातारी, किनुयो तिचं नाव, दिवसभर गरीब गाय. रेडिओसमोर बसून वाटाणे सोलायला दिले तर सोलायची. पण दिवस कलला की अंगात आल्यासारखी उठायची आणि दाराकडे धाव घ्यायची. घरी जायचंय. दोनदा निसटली, दुसऱ्यांदा तर थेट रेल्वे फाटकापाशी सापडली. नोबुयासू रोज त्याच वेळी यायचा आणि तिला समजवायचा, की आई, ते घर विकलं, मी नोबू, तुझा मुलगा. खरं बोलायची भारी हौस! पिकल्या केसांचा हा साठीतला बुवा स्वतःला आपला मुलगा म्हणवतो म्हटल्यावर ती किंकाळी फोडायची, नखांनी ओरबाडायची. याच्या मनगटांवर कायम ओरखडे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता महिनाअखेरपर्यंत म्हातारी शांत झाली नाही, तर कुलूप. हिराओकाबाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे माणसं कमी होती, एवढंच.

परतताना तो रस्त्यालगतच्या शेतमालाच्या दुकानात थांबला. मुळ्याच्या लोणच्याशेजारी, गल्ल्याजवळ जुन्या गाण्यांच्या सीडींची ती फिरती मांडणी असतेच. त्यात एक दिसली, 'मनाला विसावा देणारी गाणी', वर डोंगर आणि दोन बगळे. त्याने ती उचलली. आशा वगैरे काही नव्हती. काहीतरी केलं असं सांगता यावं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या दालनात ती लावली, आणि काय सांगावं, गुण आला. पहिलं गाणं धुक्यातल्या चंद्राचं, दुसरं गावाकडच्या ओढ्याचं, तिसरं अंगाई. बायका गुणगुणायला लागल्या. कधीकाळी शाळेचे मुख्याध्यापक असलेले सुगाया आजोबा बोटांनी ताल धरून बसले. किनुयोसुद्धा मान डोलवत होती. हिराओकाबाईंनी लांबूनच हात जोडले.

आणि चौथं गाणं लागलं. मावळतीच्या ढगांचं. आता त्या गाण्याइतकं शांत गाणं देशात शोधून सापडणार नाही, सीडी काढणाऱ्यांची काही चूक नाही. पण गावोगावच्या नगरपालिकांच्या कर्ण्यांवर रोज संध्याकाळी पाचला हेच वाजतं, पोरांनो, खेळ पुरे, घरी जा म्हणून. बोबडं बोलायला लागल्यापासून प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं. पहिली ओळ संपायच्या आत अख्खं दालन उठून उभं राहिलं! कुणी टोपी शोधतंय, कुणी शेजारणीची पिशवी काखोटीला मारतंय. सुगाया आजोबा तर सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभे करू लागले. सेविकांची पळापळ झाली. कडी म्हणजे, नोबुयासूच्या स्वतःच्याही खांद्यावर कोट चढला होता आणि एक हात बाहीत होता. करायला गेलो काय आणि झालं काय.

तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईच्या खोलीची खिडकी कर्ण्याच्या खांबाकडे होती. गाणं रोज वाजत होतं, रोज ती त्यावरच उठत होती, आणि जे लांबून, रोज वाजतं ते बाकी कुणाला ऐकूच येत नव्हतं. त्यालाही नाही.

किनुयो सगळ्यांच्या पुढे, दाराशी पोचली होती. तो आडवा उभा राहिला. आता नेहमीचं खरं बोलायचं आणि ओरबाडून घ्यायचं. पण त्या दिवशी त्याच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"काका, बाजूला व्हा हो," ती म्हणाली. तिच्या हिशेबी ती तिशीतली होती. "कारखान्यातून निघायलाच उशीर झाला. पोरगा घरी आला असेल. कुलूप आहे दाराला."

"नोबू ना? आला तो," नोबुयासू म्हणाला. "मी शेजारीच राहतो. आमच्याकडे बसलाय."

ती थांबली. "जेवला?"

"जेवला. दोन वाट्या भात खाल्ला."

"आणि रडला का?"

हे कुठून आलं, त्याला कळेना. नाही, तो म्हणाला, रडला नाही.

"नाहीच रडत मेला," किनुयोचा चेहरा उतरला. "लाकडाच्या वखारीत बाप गेला त्याचा. त्याला जाळून आणलं, रीतीप्रमाणे हाडं वेचायला काड्या याच्या हातात दिल्या, तरी डोळ्यांत पाणी नाही. नुसता हो, हो करतो. शहाणा आहे म्हणतात लोक. काका, मला धास्ती वाटते हो त्याची. संध्याकाळी एकटा ठेववत नाही, म्हणून तर धावत जाते मी."

एवढं बोलून ती खुर्चीवर जाऊन बसली आणि तिने चहा मागितला. ना किंकाळी, ना ओरखडा. हिराओकाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. हे असंच जमलं, तर कुठेही हलवायला नको, त्या म्हणाल्या. मग चाचरत त्यांनी विचारलं, की रोज शेजारचे काका होऊन याल ना? म्हणजे मुलगा म्हणून त्या आता तुम्हाला ओळखायच्या नाहीत. त्याने मान हलवली. हो, हो.

खोलीवर जाऊन त्याने डबा उघडला, तो तसाच राहिला. आई इथे राहणार होती. फक्त तिच्या लेखी आपण मुलगा उरणार नव्हतो. बरं झालं का वाईट, हे त्याला ठरवता येईना. तो बराच वेळ हातातल्या, डबा खायच्या काड्यांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी पाचला कर्णा वाजला. किनुयो खोलीतून उठून दालनात आली. हा दाराशी तयारच होता. नोबू आला, त्याने सांगितलं. हातपाय धुतले, जेवला, अभ्यासाला बसलाय.

"आणि रडला का?"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. समोर तिचे डोळे. एवढीशी म्हातारी, काळजीने वाकलेली, जणू ती काळजी दुसऱ्याच कुठल्या पोराची असावी. असं कितीदा नाही म्हणायचं हिला?

"रडला," तो म्हणाला. "आज खूप रडला."

आणि मग त्याची हनुवटी थरथरायला लागली. नाक वाहू लागलं, खांदे हलू लागले. सगळ्या दालनासमोर साठीचा बाप्या घळाघळा रडत होता आणि थांबायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. कधी शिकलाच नव्हता ना!

किनुयोने कमरेचा हातरुमाल काढला.

"अहो काका," ती त्याचं तोंड पुसत म्हणाली, "पोरगं रडलं तर चांगलंच झालं की. तुम्ही कशाला रडताय?"

तिने त्याला हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्यासाठीही चहा मागवला.